नळी माझीच होती

खारदादा माशांच्या टँकमधलं पाणी चाखत. घरात आले की चपला दाराबाहेर, हात साबणाने कोपरापर्यंत धुतलेले, आणि मग करंगळी बुडवून जिभेला लावायची. "आज जरा चढलंय. दोन दिवस पानी भरलं नाय तुमी," असं म्हणून मगच ते खारटपणा मोजायचं यंत्र डोळ्याला लावत. यंत्र त्यांच्या जिभेच्या विरोधात गेलेलं मी पाहिलं नाही. त्यांचे वडील आणि आजोबा खाडीकाठच्या मिठागरात राबलेले. शहर आलं तेव्हा मिठागरं गेली, शिरवण्यातलं घर तेवढं राहिलं. दादा पंधरा-सोळा वर्षं तळोज्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत हेल्पर होते. तो बंद पडल्यावर त्यांनी लोकांच्या घरातले समुद्री मासे सांभाळायला सुरुवात केली. खरं नाव वेगळं होतं, पण नेरूळच्या आमच्या सोसायटीत सगळे त्यांना खारदादाच म्हणत.

आमचा टँक बाबांचा. चार फूट लांब, आत प्रवाळ, सात मासे. बाबांना झटका आला, उजवी बाजू आणि बोलणं गेलं, तेव्हापासून त्यांची खुर्ची टँकसमोर असे. मी सकाळी कॉलेजात शिकवायला जाई आणि दुपारी परत येई, तेव्हा ते त्याच जागी, त्याच माशांकडे बघत असत. दादा दर पंधरा दिवसांनी येत. काम करताना ते बाबांशी सतत बोलत, जणू बाबा उत्तर देत आहेत. "हा निळा तुमच्यावर रुसलाय काका. बगा, पाठ करून बसलाय." बाबांचा डावा हात तेव्हा खुर्चीच्या दांड्यावर हलायचा.

एका बाबतीत दादा कठोर होते. दुकानातून आणलेला मासा सरळ टँकमध्ये टाकायचा नाही. सहा आठवडे वेगळ्या डब्यात ठेवायचा, लक्ष ठेवायचं, गरज पडली तर तांब्याचं औषध द्यायचं. ते औषध मोठ्या टँकमध्ये चालत नाही, प्रवाळ मरतात. म्हणजे रोगाचा जंतू एकदा आत शिरला की त्याला तिथे मारायचा उपायच नाही. "मासा आजार दाखवत नाय, लपवतो," ते म्हणत. "दुबळा दिसला तर दुसरा त्याला खाईल ना. म्हनून चांगल्या दिसनाऱ्या माशावर पयला संशय घ्यायचा."

बाबांच्या वाढदिवसाला मी एक पिवळा मासा आणला. चार दिवस तो स्वयंपाकघरातल्या डब्यात होता. बाबांना मी तो एकदा दाखवला होता, आणि त्यानंतर ते टँककडे बघायचे सोडून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसत. पाचव्या दिवशी मी तो टँकमध्ये सोडला. बाबा त्या दिवशी हसले. अर्ध्या तोंडाने, पण हसले.

दोन दिवसांनी दादा आले. पिवळा मासा दिसताच काचेपाशी थांबले.

"हा कुठून आला, ताई?"

"मैत्रिणीकडून. तिच्या टँकमध्ये दोन महिने होता."

इतकं सहज बोलले मी. वर्गात एखादी मुलगी वही घरी राहिली म्हणते ना, तसं. दादा दहा मिनिटं माशाकडे बघत राहिले. मासा खात होता, पोहत होता. "दोन महिने म्हंजे ठीक हाय," ते म्हणाले. पाणी बदललं, पाणी उपसायची ओली नळी तशीच गुंडाळून बादलीत टाकली आणि निघाले. नवा मासा असेल तर ते नळी, जाळी सगळं ब्लीचच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवत. त्या दिवशी त्यांना पुढे सीवूड्सला जायचं होतं, आणि वाळवायचं कारण मीच काढून घेतलं होतं.

सीवूड्सला चीफसाहेब राहत. जहाजावर चीफ इंजिनियर होते, आता एकटे. त्यांच्याकडे केशरी-पांढऱ्या माशांची एक जोडी होती, अकरा वर्षांची. दादा त्या जोडीबद्दल घरच्या माणसांसारखं बोलत.

दादा येऊन गेल्यावर पाचव्या दिवशी आमचे मासे उजेड टाळू लागले. कल्ले भराभर हलायला लागले आणि अंगावर बारीक पिवळसर धूळ बसल्यासारखी दिसू लागली. मी फोन केला, दादा तासाभरात आले. बघताक्षणी म्हणाले, "वेल्वेट हाय." वेल्वेट म्हणजे माशांच्या अंगावर जगणारे परजीवी, इतके बारीक की डोळ्यांना दिसते ती त्यांची गर्दीच. दुसऱ्या दिवसापर्यंत सहा मासे गेले, पिवळा सर्वांत आधी. उरलेले दोन दादांनी औषधाच्या डब्यात काढले. मोठा टँक दहा आठवडे माशांविना ठेवायचा, म्हणजे अंगावर जगायला कोणी मिळालं नाही की ते जंतू मरतात.

बाबा दहा आठवडे रिकाम्या टँकसमोर बसले. मी खुर्ची खिडकीकडे वळवली तर ते डाव्या हाताने दांडा आपटत.

चीफसाहेबांची जोडी त्याच आठवड्यात गेली. हे मला दादांनीच सांगितलं, औषधाच्या डब्यातलं पाणी बदलताना, मान वर न करता. "नळी माजीच होती. मैत्रिनीकडे आजार असंल, तिला कळलं नसंल. तिचा काय दोष? मी नळी सुकवायला पायजे होती." चीफसाहेबांनी मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं होतं की हा माणूस घरोघर रोग पोचवतो. एकेक घर बंद होत गेलं. आमच्याकडे मात्र दादा एक दिवसाआड येत राहिले. मी चहा ठेवत होते आणि गप्प राहत होते. रोज ठरवत होते, आज सांगू. मग वाटे, ते दोन मासे वाचेपर्यंत थांबू, नाहीतर ते यायचे बंद होतील. म्हणजे तिथेही मी माझंच बघितलं.

दहा आठवडे झाले त्या दिवशी दादांनी दोन्ही मासे पिशवीत घेतले आणि मासे सरावावेत म्हणून टँकचं पाणी तिच्यात थेंबथेंब सोडायला सुरुवात केली. त्याला तास लागतो. त्या तासात, बाबांच्या समोर, मी सांगितलं. मैत्रीण नव्हतीच. दुकानातला मासा, चार दिवस.

दादांची बोटं पिशवीच्या तोंडावर तशीच राहिली.

"मी इचारलं होतं तुमाला," एवढंच म्हणाले.

तास पूर्ण झाला, तेव्हा त्यांनी मासे सोडले. मग मला पाण्यात मीठ कसं मिसळायचं, नळ्या कशा धुवायच्या, डोळ्यांनी काय शोधायचं, सगळं पुन्हा सांगितलं, वहीत लिहायला लावलं. बाबांचा हात क्षणभर धरला. "चीफसाहेबांना मी सांगनार नाय. ते तुमी सांगा," म्हणाले आणि गेले.

मी दुसऱ्याच दिवशी सीवूड्सला गेले. चीफसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्यासमोरच त्यांनी ग्रुपवर लिहिलं की चूक दादांची नव्हती. मग दादांना फोन लावला. तो उचलला गेला नाही.

महिन्याभराने मी शिरवण्याला त्यांच्या घरी गेले. वहिनींनी पाणी दिलं, चहा ठेवला. दादा आतून आले. तळोज्याच्या एका कारखान्यात सांडपाण्याच्या प्लांटवर कामाला लागले होते.

"मासे खातात का?" त्यांनी विचारलं.

"हो. बाबाही बरे आहेत."

"मग बरं."

"दादा, ग्रुपवर सगळ्यांना कळलंय आता. लोक तुम्हाला बोलवतायत."

"आलते फोन. चीफसाहेबांचा पन. त्यांना दुसरी जोडी आनायची हाय." त्यांनी कप खाली ठेवला. "पन ताई, आता कुनाच्या घरी जाऊन नवीन काय टाकलं का इचारायचं, आनि तो जे बोलंल ते खरं धरायचं. ते माज्याच्यानं व्हनार नाय."

वहिनी चहाचे कप उचलून आत गेल्या. मीही उठले. दादा रस्त्यापर्यंत आले, रिक्षा थांबवली, आणि रिक्षावाल्याला आमच्या सोसायटीचा पत्ता नीट समजावून सांगितला.