बायबलचा कोश आणि चौथी शिकलेला परीक्षक

सर्व मित्रांस नमस्कार. आज सकाळी केजजवळच्या आमच्या गावातील वाचनालयात घडलेला प्रसंग कळवितो.

आरोग्य केंद्रातील ख्रिस्ती परिचारिकाबाईंनी बायबलची माहिती देणारा एक कोश भेट दिला होता. तो ठेवावा की परत करावा, हे समितीस आज ठरवावयाचे होते. बाई समोरच बसल्या होत्या.

समितीचा एक सभासद म्हणून मी म्हणालो, "मी तपासतो."

माझा बालमित्र भानुदास हसला. "चौथी शिकलास तू. तुला काय कळतंय बे त्यातलं?"

मी त्यास मुखपृष्ठ दाखविले. 'सामान्य वाचकांसाठी' असे त्यावर छापलेले आहे. तेव्हा परीक्षक मीच योग्य.

आयुष्यभर मेंढरे राखली, म्हणून 'मेंढपाळ' हीच नोंद काढली. बायबलच्या काळी तिकडे मेंढवाड्यास दार नसे, मेंढपाळ स्वतःच दाराच्या जागी आडवा निजे, असे तेथे लिहिले आहे. मीही मेंढरांभोवती लावायच्या जाळीच्या, म्हणजे वाघरीच्या, तोंडाशी असाच निजलो आहे.

भानुदास म्हणाला, "म्हंजी आपल्यावानीच हाय की."

दोषही सांगितले. अक्षर बारीक आहे, आणि नकाशांत गावांमधील अंतरे नाहीत. तथापि कोणास न विचारता मला अर्थ लागला. 'ठेवावा' असा अभिप्राय लिहून मी सही केली, आणि समितीने तो मानला.

बाई म्हणाल्या, "तात्या, मी तर कोश परत न्यायला पिशवी घेऊनच आले होते."

कोश आज भानुदासने घरी नेला आहे.

आपल्या गावच्या वाचनालयात शेजाऱ्याच्या धर्माचे एखादे पुस्तक आहे काय? नसल्यास, ते कोणी मागितले होते काय?