पहिल्या बाळंतपणाची फाईल

चित्राबाईंसारखी चौकस बाई अख्ख्या प्राधिकरण वसाहतीत शोधून सापडायची नाही. तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं आणि रिटायर झाल्यावर सोसायटीला शिकवायला घेतलं. दूधवाला असो की लिफ्ट दुरुस्त करणारा, बाईंच्या प्रश्नांतून सुटका नाही. यजमान प्रभाकरराव बिचारे पेपराआड तोंड लपवून बसत.

अशा बाईंच्या लेकीनं, ऋतानं, सातव्या महिन्यात एक दिवस जाहीर केलं, "मी घरीच बाळंत होणार. हॉस्पिटलची पायरी चढणार नाही."

बाईंनी आकाशपाताळ एक केलं, पण पोरगी ढिम्म हलेना. आणि बोलणार तरी काय? तीन वर्षांपूर्वी ऋता हॉस्पिटलातून रिकाम्या हातांनी घरी आली होती. "बाळ पोटातच गेलं होतं. तुला दाखवण्यासारखं नव्हतं," असं बाईंनीच तिला सांगितलं होतं. मुलगा की मुलगी, तेही सांगितलं नाही. जावई शार्दूल तेव्हा कंपनीच्या ट्रेनिंगला परदेशी, चौथ्या दिवशी पोचला. त्यालाही तेच. प्रभाकररावांना तर बाईंनी स्वतःची शपथ घातली होती.

ऋतानं इंटरनेटवर घरी बाळंतपण करणारी एक बाई हेरून ठेवली होती. ना शिक्षण, ना लायसन, नुसते गोडगोड व्हिडिओ. ते सगळे चित्राबाईंनी बसून पाहिले. "घरी तर घरी," त्या म्हणाल्या, "पण नोंदणी असलेली मिडवाइफ मी शोधणार."

दोन आठवडे फोनला उसंत नव्हती. कुणाचं शिक्षण होतं तर नोंदणी संपलेली, कुणी 'मुंबईहून यायला जमणार नाही' म्हणून हात वर केले. शेवटी पिंपरीची आम्रपाली सापडली. तिचे वडील कोंडीराम कंपनीत लेथ मशीनवर होते, ओव्हरटाइम करकरून त्यांनी पोरीला नर्सिंगला घातलं. वीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात काढून तिनं वर मिडवाइफचा वेगळा कोर्स केला होता. आता कुरुळी गावात कामगारांच्या बायकांना तपासायला जायची.

रविवारी ती आली. चित्राबाईंनी पाणीसुद्धा नंतर विचारलं, आधी सर्टिफिकेट मागितलं. चष्मा चढवून नोंदणीचा नंबर, तारीख, शिक्का, सगळं पाहिलं.

"नीट बघा काकू," आम्रपाली हसून म्हणाली. "पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे."

मग तिनं हात धुतले, ऋताचं बीपी घेतलं, बाळाचे ठोके ऐकवले. ठोके ऐकताना ऋता कितीतरी दिवसांनी हसली.

"आता पहिल्या वेळचं सांग."

"नॉर्मल झाली. मग मला चक्कर आली. बाळ आधीच गेलेलं होतं."

"चक्कर कशानं? फाईल दाखव."

"हरवली. आईनं घर पालथं घातलं, मिळाली नाही."

आम्रपालीनं वही मिटली. "फाईल पाहिल्याशिवाय मी घरी बाळंतपण घेणार नाही."

"मग राहू दे, ताई. ती व्हिडिओवाली असलं काही विचारत नाही. मी तिलाच सांगते."

फाईल हरवली कुठली! बाईंच्या कपाटात, लग्नातल्या शालूखाली होती. आत काय लिहिलंय ते बाईंना पाठ होतं. वार अडकली, रक्त थांबेना, भूल देऊन वार काढली, तीन पिशव्या रक्त चढवलं. तसंच पुन्हा घरी झालं तर पोर डोळ्यांदेखत जाईल. आणि फाईल दिली तर शेवटचं पानही तिच्यासमोर येईल. पोरगी जगायला हवी, मग माझं काय व्हायचं ते होवो, असं म्हणत बाई उठल्या. कपाटाचं कुलूप त्यांना लवकर उघडेना.

फाईल पाहून ऋता बघतच राहिली. आम्रपालीनं शांतपणे एकेक पान वाचलं. शेवटच्या पानाशी थांबून तिनं मान वर केली.

"काकू, तुम्ही सांगता की मी सांगू?"

चित्राबाई खुर्चीत बसल्या. "मुलगी होती, ऋता. जिवंत जन्मली होती. चाळीस मिनिटं होती."

प्रभाकररावांनी हातातला पेपर खाली ठेवला.

"तू भुलीत होतीस. डॉक्टर म्हणाले, श्वास पुरत नाही, टिकायची नाही, घ्या मांडीवर. मी घेतली. तू शुद्धीवर यायच्या आत ती गेली. तुला कळलं असतं, तर 'माझी जिती लेक मला बघायलाही मिळाली नाही' म्हणून जन्मभर जळली असतीस. त्यापेक्षा नव्हतीच म्हटलेलं बरं, असं वाटलं गं मला."

ऋता रडली नाही. रडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं.

"तिनं डोळे उघडले होते?"

"हो."

"तुझ्याकडे बघितलं?"

"हो."

मग आम्रपाली ऋताच्या जवळ सरकून बसली. "घरी नाही करायचं. वार एकदा अडकली की पुन्हा अडकू शकते. हॉस्पिटलात जाऊ, रक्त तयार ठेवायला सांगू. पहिल्या कळेपासून मी तुझ्याबरोबर असेन. आणि बाळ कसंही असो, आधी तुझ्या छातीवर ठेवायला सांगेन. हा माझा शब्द."

ऋतानं मान हलवली. आम्रपालीनं पिशवीतून फॉर्म काढून नाव, वय, रक्तगट भरला.

"कळांच्या वेळी खोलीत तुझ्याजवळ कोण हवं? दोन नावं सांग."

"शार्दूल."

"आणि?"

"बस. दुसरं नको. आईनं माझ्या वाटचं एक बाळ मांडीवर घेतलंय."

आम्रपालीचं पेन तिथंच थांबलं. तिनं चित्राबाईंकडे पाहिलं.

"लिहा," चित्राबाई म्हणाल्या. "एकच नाव लिहा. बरोबर आहे तिचं."