मांडणीखालचं रबर

दोन हजार अठरा साल संपत आलं होतं आणि उधव्याला आमच्या पाड्यावर कोणीही घरात झोपत नव्हतं. जमीन आधी पोटातून गुरगुरायची, मग हलायची. माणसं शेतात ताडपत्र्या बांधून थंडीत कुडकुडत पडायची. घरात झोपायचे ते एकटे माझे बाबा. शेवटी शेजारच्या काकीचा फोन आला. "तू रॉकेटवाली ना? मंग तूच ये न बाबाला बाहेर काढ. आमचं ऐकत नाय." मी रजा टाकली आणि आले.

तेव्हा मी एका छोट्या कंपनीत नव्या रॉकेटच्या आराखड्यावर काम करत होते. एकदाच उडून संपणारं रॉकेट, पण आधीच्यांपेक्षा हलकं आणि स्वस्त. माझ्याकडे कंपनांचं काम होतं. पेटलं की रॉकेट अंगभर थरथरतं. ती थरथर वरच्या उपग्रहापर्यंत पोचू नये म्हणून मधे रबराच्या बैठका बसवायच्या. रबर किती जाड, किती मऊ, यावर आम्ही महिनेच्या महिने भांडलो होतो. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "शेवटी समुद्रातच टाकायचं, तर एवढं जपता कशाला?" मी जराशी चिडलेच होते. वरचं पोचेपर्यंत तरी जपावं लागतं, म्हटलं.

घराच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली होती. ती दाखवून मी बाबांपुढे बरंच शहाणपण पाजळलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चहा ठेवला.

दिवेलागणीला हादरा आला. चुलीजवळच्या मांडणीवर आईची भांडी किणकिणली, ताटं एकमेकांवर आपटली. मी दाराकडे धावले. बाबा जागचे हलले नाहीत.

"ऐकलंस? तुजी आय भांडी लावते."

आईला जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. माझा चेहरा पाहून ते म्हणाले, "येडा नाय झालो मी. जमीन हालते, मला कळतं. पण आवाज तिचाच हाय."

आवाज खरंच तिचा होता. रागात असली की ती अशीच ताटं आपटायची. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर बाबांचा हेवाही वाटला.

बाबा बाहेर यायला तयार नाहीत, तर निदान मांडणी तरी त्यांच्या अंगावर कोसळू नये. झोपायचे ते नेमके तिच्याच पायाशी. दुसऱ्या दिवशी मी हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब आणली. मांडणीच्या पायांखाली, फळ्यांवर, ताटाताटांच्या मधे रबराच्या पट्ट्या घातल्या आणि मांडणी तारेने भिंतीला आवळली. ट्यूब ताणून धरायला बाबाच बसले होते. "रॉकेटात पण अशीच लावता?" त्यांनी विचारलं. अशीच, मी म्हटलं. मग काकीला हाक मारून त्यांनी ते काम कौतुकाने दाखवलं.

संध्याकाळी पुन्हा जमीन गुरगुरली. वरचा बल्ब झुलायला लागला, पायाखालची लादी सरकल्यासारखी झाली. मांडणीवरून जराही आवाज आला नाही. क्षणभर मी इतकी खूश झाले की टाळीच वाजवणार होते. तेवढ्यात बाबांकडे लक्ष गेलं.

हादरा थांबला तरी ते मांडणीकडे कान लावून बसले होते. बऱ्याच वेळाने उठले, गोधडी गुंडाळली, उशी काखेत मारली आणि कोणी न सांगता बाहेर ताडपत्रीखाली गेले. काकीने सरकून जागा केली. "आलात का एकदाचे?"

"आत कोण नाय आता," बाबा म्हणाले.

मला रडू फुटलं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, बाबा, सकाळी काढून टाकते सगळ्या पट्ट्या.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "नको पोरी. आता वाजली तरी भांडीच वाजतील."