आमची सेमी-ऑटोमॅटिक आणि सिंगापूरचा कागद

आमच्या कराडच्या घरात दोन सेमी-ऑटोमॅटिक आहेत. एक मोरीशेजारचं वॉशिंग मशीन, ज्यात धुतलेले कपडे उपसून शेजारच्या टबात पिळायला टाकावे लागतात. दुसरी यांची रायफल. सासऱ्यांनी शिकारीसाठी घेतलेली, बेल्जियमची. चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपली आपण जागेवर येते. शिकारबंदी आल्यापासून उसातली रानडुकरं हाकलायला हवेत काढलेले चार-दोन बार सोडले, तर तिने काही केलेलं नाही. खंडेनवमीला तिला तेल, कुंकू आणि झेंडूचं फूल मिळतं. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, आणि परत येईपर्यंत हे स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे वावरतात.

यंदा परवान्याचं नूतनीकरण आलं. यांचं वय त्र्याहत्तर. मी म्हटलं, "आता पुरे. विकून टाका." हे म्हणाले, "माझा नेम अजून तसाच आहे." तो नेम गेल्या कित्येक वर्षांत कुणी पाहिलेला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टरांचा दाखला मिळाला असता, कारण डॉक्टर यांचे शाळूसोबती. मला परकी परीक्षा हवी होती.

ती सिंगापुरात मिळाली. आमचा अभिजित तिथे टॅम्पिनीसला राहतो, आयटीत आहे. त्याच्या ऑफिसातले मिस्टर टॅन एका नेमबाजी क्लबचे सदस्य आहेत आणि पाहुण्यांना नेऊ शकतात, हे फोनवर कळलं आणि पैज ठरली. दहा गोळ्या. सहा कागदावर लागल्या तर मी जन्मात रायफलीचं नाव काढणार नाही. कमी लागल्या तर रायफल विकायची. लोक सिंगापूरला बागा आणि आकाशपाळणे बघायला जातात, आम्ही भांडण मिटवायला गेलो.

रायफल ठाण्यात जमा करून आम्ही निघालो. जमा केल्याची पावती यांनी पासपोर्टच्या पाकिटात ठेवली होती. विमानतळावर घ्यायला आलेल्या अभिजितने ती पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. "बाबा, इथे हत्यारांचे कायदे फार कडक आहेत. माझा नोकरीचा पास आहे इथला, तो जाईल. बंदूक हा शब्दसुद्धा बाहेर काढू नका." हे म्हणाले, "मी फक्त रायफल म्हणतो."

पहिले तीन दिवस मॉल आणि उकाड्यात गेले. शनिवारी सकाळी आम्ही निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते, एमआरटीला, म्हणजे तिथल्या मेट्रोला, वेगळं कार्ड काढायची गरज नाही, बँकेचं कार्ड टेकवलं की दार उघडतं. भारतातल्या कार्डाला थोडे जास्तीचे पैसे पडतात. टॅम्पिनीसहून बुकित पंजांगला निळ्या लाइनची गाडी थेट जाते, बेटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, तासाभराच्या वर. गाडीत एसी इतका की शाल न्याच. क्लबात बंद बूट लागतात म्हणून मी साडीवर सुनेचे नारंगी स्पोर्ट्स शूज घातले होते. त्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, हे मला त्या शहराचं फार आवडलं.

लोकांनी पाहिलं ते यांच्याकडे. अर्ध्या वाटेत यांना राहवलं नाही. कानाने कमी ऐकणारा माणूस बोलतो त्या आवाजात हे नातीला सांगू लागले, "रेवा, आपली रायफल सेमी-ऑटोमॅटिक आहे बरं का."

नऊ वर्षांची रेवा डोळे मोठे करून तिथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली, "आजोबा, ट्रेनमध्ये असं बोलायचं नाही लाह. पीपल विल कॉल पोलीस."

समोरच्या बाकावरच्या चिनी बाई एकदम ताठ बसल्या. बाकी मराठी असलं तरी 'सेमी-ऑटोमॅटिक' सगळ्या जगाला समजतं. अभिजित खिडकीबाहेर पाहू लागला, बाहेर बोगदा होता. मग मीच पुढे झुकून म्हटलं, "वॉशिंग मशीन. अवर हाउस. सेमी-ऑटोमॅटिक."

बाईंचा जीव भांड्यात पडला. "ओह! सेमी-ऑटो नो गुड, आंटी. यू बाय फ्रंट लोड. युअर हजबंड मस्ट पे." तीन स्टेशनं त्या मला ड्रायर समजावत होत्या. इतकी वर्षं मी जे घरात बोलत होते, ते या बाईने सिंगापुरात एका दमात सांगितलं. हे तोंड फिरवून बसले.

बुकित पंजांगला स्टेशनजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, जेवलो. मी रोटी प्राता आणि डाळीसारखी करी घेतली. आपल्या पराठ्याची लांबची बहीण, पण लोण्यात लोळलेली. यांनी चिकन राइस घेतला आणि कोंबडी फिकी आहे म्हणत संपवला. एका डिशला साधारण पाच-सहा डॉलर. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर बसू नका, ती जागा कुणीतरी धरलेली असते. यांनी ते उचलून तोंड पुसलं आणि नंतर मालकाची माफी मागितली.

मिस्टर टॅन यायला वेळ होता, म्हणून रेवाने एलआरटीची फेरी मारायला नेलं. छोटी, ड्रायव्हर नसलेली गाडी इमारतींच्या अगदी जवळून जाते आणि लोकांची घरं दिसू नयेत म्हणून तिच्या काचा तिथे आपोआप धुरकट होतात. काच पांढरी झाली तशी मी "अगंबाई" म्हटलं. हे म्हणाले, "काय झालं? मला तर काही फरक दिसला नाही." आम्ही सगळे खूप हसलो. तेव्हा मी हसायला नको होतं.

मिस्टर टॅन साठीचे, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांच्या गाडीतून क्लबात गेलो. पासपोर्ट दाखवा, सह्या करा, सूचना ऐका, कानावर जाड आवरण चढवा. यांना पॉइंट टू-टूची रायफल मिळाली, पण एकेक गोळी हाताने भरायची. "म्हणजे हातानेच धुवायचे," हे मला मराठीत म्हणाले. मिस्टर टॅन म्हणाले, "अंकल, स्लो इज गुड."

हे ओणवे झाले, गाल दस्त्याला टेकवला, आणि मी लग्नानंतर प्रथमच यांना इतकं शांत पाहिलं. घरात पाण्याचा तांब्या शोधताना दहा हाका मारणारा माणूस. दहा गोळ्या एकामागून एक, मध्ये नेमका एक श्वास. हात हलला नाही. मी मनात परवान्याचा अर्ज भरूनही टाकला.

कागद मागे आला. त्यावर एकही भोक नव्हतं.

"आजोबा, झिरो," रेवा हळू आवाजात म्हणाली.

एवढ्यात शेजारच्या जागेवरची कॉलेजातली मुलगी आपला कागद घेऊन आली. "अंकल, आय शॉट ओन्ली टेन. धिस वन गॉट एटीन." तिची दहा भोकं सगळ्या कागदावर विखुरली होती. बाकीची आठ मधोमध, काळ्या गोलात, रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतकी जवळ. "धीज नॉट माइन," ती म्हणाली. "आय विश."

मिस्टर टॅननी तो कागद कौतुकाने उजेडात धरला. मी पैज जिंकले होते आणि मला रडू येत होतं. मग मीच वकिली सुरू केली. "अहो, आठ लागल्यात की. कागद कुणाचा का असेना. मोतीबिंदू असेल, काढून घेऊ, परवाना पुढे चालू ठेवू."

हे बराच वेळ त्या आठ भोकांवरून बोट फिरवत होते. "निर्मला, मला दिसत नाही, याचं काही नाही," हे म्हणाले. "मला दिसत नाही हे मला माहीत नव्हतं. आज पलीकडे कागद होता. उसात माणूस असतो."

त्या मुलीने कागद यांना देऊन टाकला. परतीच्या गाडीत सेमी-ऑटोमॅटिक हा शब्द कुणी काढला नाही.

कराडला आल्यावर दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. पट्टी निघाल्यावर यांचं पहिलं वाक्य होतं, "तुझे केस इतके कधी पिकले?" रायफल ठाण्यातून थेट परवानाधारक दुकानदाराकडे गेली. घरी आणू का, म्हणून मी विचारलं होतं. नको म्हणाले.

जावं का सिंगापूरला? जरूर जा, शाल न्या, टिश्यूला हात लावू नका. एलआरटीत घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मात्र खिडकीशी बसवा आणि काय दिसतं ते विचारा.

परवा खंडेनवमी झाली. पाटावर रायफलीच्या जागी तो कागद होता, त्याला यांनी फूल वाहिलं. मग उठले आणि मोरीशेजारी जाऊन वॉशिंग मशीनला कुंकू लावलं, झाकणावर झेंडू ठेवला. म्हणाले, "घरात आता एवढीच सेमी-ऑटोमॅटिक."

पूजा केलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नसतं. मग कपड्यांचं काय, म्हटल्यावर हे बाह्या सारून मोरीत बसले. मी दारात उभी राहून फेसातले ते हात बघत होते. ते अजूनही जराही थरथरत नाहीत.