आत्याचं न मिटलेलं प्रकरण

आमच्या आत्याला घरात सगळे 'तोफ' म्हणतात. अर्थात तिच्या माघारी. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नाही. तिचा बर्फाचा धंदा होता. कारखान्यातून लाद्या आणायच्या, भुशात गोणपाटाखाली ठेवायच्या आणि कापून मासळीवाल्यांना, रसवाल्यांना पोचवायच्या. मग एका उन्हाळ्यात तिच्या लाद्यांचं दुपारच्या आतच पाणी व्हायला लागलं. गिऱ्हाइकं भांडली, ती त्यांच्या दुप्पट भांडली आणि दुकानाला कुलूप लागलं. माल कारखान्यातूनच कच्चा येतो, असं ती घसा फोडून सांगायची. पण तोफेचं ऐकतो कोण?

"तुझ्या जिभेनं धंदा बुडवला," बाबा म्हणायचे. बाबा तिचे थोरले भाऊ. जेवायला बसलं की मिठासारखं हे वाक्य ठरलेलं. साऱ्या जगाशी भांडणारी बाई दादासमोर मात्र खाली मान घालून जेवायची. मला तिच्या त्या गप्प बसण्याचाच जास्त राग यायचा.

पुढे बर्फाच्या बड्या कंपन्यांवर खटला झाला. आत्या लाद्या आणायची तो कारखानाही त्यांतल्याच एकीचा. संगनमतानं भाव ठरवले, छोट्यांना बाजारातून हुसकलं, असा आरोप होता. कंपन्यांनी चूक कबूल न करता तडजोड केली, पैसे भरले आणि हात झटकले. बातमीत एक ओळ होती: त्यांच्या बैठकीचं रेकॉर्डिंग कोर्टात ऐकवलं गेलं, त्यात कुणा 'लादीवाली'चा उल्लेख होता. दुसऱ्या दिवशी आत्या कोर्टात हजर.

"बाई, प्रकरण मिटलं," कारकून म्हणाला. "पुरावे आता कंपन्यांना परत जाणार."

"त्यांचं मिटलं असेल. आमच्या घरात रोज चालू आहे."

कारकून हसला, पण अर्ज कसा करायचा ते त्यानंच सांगितलं. सुनावणीला कंपन्यांच्या वकिलानं धंद्याच्या गुपितांचा पाढा वाचला. "भर कोर्टात वाजलेलं गुपित कसलं?" न्यायाधीश म्हणाले. "ज्याला ऐकायचंय त्याला ऐकू द्या."

आत्या एकटी जाईना. दादा हवाच. "कशाला मढी उकरतेस?" असं कुरकुरत का होईना, बाबा निघाले. मीही गेले.

कोर्टाच्या कचेरीत पंख्याच्या घरघरीत रेकॉर्डिंग नीट ऐकू येईना, म्हणून कारकुनानं पंखा बंद केला. आधी नुसतं हसणं ऐकू आलं. मग एक जण म्हणाला, "त्या लादीवालीला अर्धवट गोठलेला माल द्या."

"ती बोंब मारेल."

"मारू दे की. भांडकुदळ म्हणून आधीच नाव आहे तिचं. दोष तिचाच, असं कुणालाही वाटेल."

आत्या बाबांकडे बघत होती. बाबा टेबलाकडे.

"परत लावू?" कारकुनानं विचारलं.

"नको." बाबा आत्याकडे वळले. "मलाही तसंच वाटलं गं," ते म्हणाले.

आत्या तिथंच, त्या परक्या माणसासमोर, मोठ्यानं रडली.