आधी सांगा, गाडी कशी मेली

गाडी बंद पडली की बाई लगेच खाली उतरत नसत. किल्ली सोडून देत, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवत आणि गाडीत जे कोणी असेल त्याला विचारत, "कशी मेली? आधी ते सांगा." मागे हॉर्न वाजत असोत, पोलीस काचेवर काठी आपटत असो, साक्षी झाल्याशिवाय बॉनेट उघडत नसे. आचके देत गेली की दिवा मालवावा तशी? आवाज आधीच बदलला होता का? एकदा पर्वत पाटियाच्या चौकात, भर दुपारी, त्यांनी माझ्या आईला हेच विचारलं. आई त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसली होती. ती घाबरत म्हणाली, "मला वाटलं, रस्ताच खराब आहे." "म्हणजे आचके देत गेली," बाई म्हणाल्या, आणि आईची साक्ष मान्य करून खाली उतरल्या.

बाई मूळच्या अमरावतीच्या. सुरतेत मराठी शाळेत विज्ञान शिकवायच्या. मोटार त्यांच्या यजमानांची. ते बँकेत होते. ते गेल्यावर नातेवाइकांनी गाडी विकायचा सल्ला दिला, तेव्हा बाईंनी गाडी चालवायला शिकून घेतली. नऊवारीतल्या सासूबाईंना शेजारी बसवून त्या गाडी चालवायच्या आणि सासूबाई प्रत्येक वळणावर हात बाहेर काढून रहदारी थांबवायच्या. सासूबाईही गेल्यावर ती शेजारची जागा आमच्या नवागाम वस्तीच्या वाट्याला आली. कोणाची बाळंतीण, कोणाचा मोडलेला पाय, आमच्या कामगार संघटनेच्या पत्रकांचे गठ्ठे, सगळं बाईंच्या गाडीतून जायचं. बाई संघटनेत नव्हत्या. "मी सभासद नाही, मी वाहन आहे," असं त्या म्हणायच्या.

उन्हाळ्यात गाडी हमखास रुसायची. बाईंचं निदान ठरलेलं होतं: उन्हाने पेट्रोलची नळीत वाफ होते, वाफ पंपाला ओढता येत नाही. मग पंपावर ओला पंचा ठेवायचा, आपण सावलीत बसायचं आणि बाईंनी आम्हाला वाफेवर धडा द्यायचा. धडा संपेपर्यंत गाडी सुरू व्हायची. एका ट्रकवाल्याने हे पाहून बाईंना नमस्कार केला होता. बाईंनी तो नम्रपणे वगैरे नाही, चांगली मान उंच करून स्वीकारला.

मी वाढले ती पत्रकांवर. बाबा कापडाच्या कारखान्यात लूमवर रात्रपाळी करत आणि दिवसा पत्रकं लिहीत. अक्षरओळखही मला त्यांच्यातूनच झाली, त्यामुळे "शोषण" हा शब्द मला "शेपूट"च्या आधी लिहिता येत होता. पुढे मी स्वतः लिहू लागले. बाई माझी पत्रकं गाडीत टाकण्याआधी वाचत आणि बोट ठेवून विचारत, "काहून गं, हे तू पाहिलंस का कोणी सांगितलं?" मी चिडून म्हणायचे की हा पाहण्या-न पाहण्याचा प्रश्न नाही, हा वर्गसंघर्ष आहे. त्या म्हणायच्या, "असेल ना. पण तो कुठल्या कारखान्यात, कोणत्या पाळीला, ते लिही."

आमच्या गल्लीतल्या भगवानचा उजवा हात लूमच्या पट्ट्यात गेला. तीन बोटं गेली. भरपाईचा दावा लावला, तर कारखान्याच्या शेठने कोर्टात सांगितलं की हा माणूस आमच्याकडे कधी कामालाच नव्हता. हजेरीच्या मस्टरवर त्याचं नाव नव्हतं, कारण मस्टरवर कोणाचंच नाव नसायचं. सुरत अशाच बिननावाच्या हातांनी विणली जात होती. साक्ष द्यायला कोणी तयार नव्हतं. ज्याने तोंड उघडलं त्याची नोकरी गेली असती. एकच साक्षीदार उरली, खानदेशातली शेवंताबाई. ती त्याच लूमच्या खात्यात सुताच्या कांड्या भरायची, पण काम सुटल्यावर बारडोलीकडे ऊसतोडीला गेली होती. तारखेच्या दिवशी दुपारच्या आत तिला कोर्टात उभं करायचं होतं. ती आली नाही तर भगवानचं म्हणणं निकालात निघणार होतं.

पौषातली थंडी होती. बाई आणि मी पहाटेच निघालो, ऊसतोडीच्या तळावरून शेवंताबाईला घेतलं आणि परत फिरलो. कडोदऱ्याच्या अलीकडे गाडी बंद पडली.

बाईंचे हात स्टिअरिंगवर गेले. "कशी मेली?"

मी म्हटलं, साक्षी कसल्या घेता, शेठच्या माणसांनी टाकीत काहीतरी टाकलंय. तळावर एक अनोळखी माणूस गाडीपाशी घुटमळताना मी पाहिला होता. उद्याच्या पत्रकाचा मथळा माझ्या डोक्यात तयार होता.

मागच्या सीटवरून शेवंताबाई शांतपणे म्हणाली, "फूऽ करीसन दिवा इझाडा ना, तशी गई."

बाईंनी सवयीने पंचा भिजवला, पंपावर ठेवला आणि तशाच थांबल्या. तोंडातून वाफ निघत होती, इतका गारठा. त्यांनी पंचा उचलला. "ऊन कुठे आहे?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "इतके उन्हाळे मी भलत्याच जागी पट्ट्या ठेवल्या. गाडी पंच्याने सुरू होत नव्हती पोरी, बसून राहिल्याने होत होती."

मग त्यांनी प्लगची वायर काढून लोखंडाजवळ धरली आणि मला किल्ली फिरवायला लावली. ठिणगी नाहीच. ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं टोपण उघडलं तर आतले पॉइंट काळे पडलेले. पेट्रोल बिचारं निर्दोष होतं. कंडेन्सर नावाची बोटाच्या पेराएवढी डबी तापली की दगा द्यायची आणि गार झाली की पुन्हा कामाला लागायची. आज ती कायमची गेली होती.

"पण तो माणूस," मी म्हटलं.

"टाकीत घाण असती तर आचके देत गेली असती. शेवंताबाईंनी काय सांगितलं?" बाई कंडेन्सरचा स्क्रू काढत होत्या, वर न बघता बोलल्या. "त्या शेठवर लावायला आपल्याकडे खरे आरोप पुष्कळ आहेत. त्यात हा एक खोटा घुसू दे, मग बघ त्याचा वकील खऱ्यांचं काय करतो ते."

प्रवासी भरलेली एक जीप थांबली. बाईंनी गुजरातीत अडचण सांगितली. ड्रायव्हरने सीटखालच्या डब्यातून जुना कंडेन्सर काढून दिला. "लई जाव बेन," घेऊन जा म्हणाला आणि पैसे न घेता निघूनही गेला. डबी आतल्या जागेत बसेना, म्हणून बाईंनी ती बाहेरच तारेने आवळून बांधली. गाडी सुरू झाली. वाटेत मी शेवंताबाईला पढवू लागले, की शेठ स्वतः तिथे उभा होता असं सांग. बाईंनी आरशातून शेवंताबाईकडे पाहिलं. शेवंताबाई खिडकीबाहेर बघत राहिली.

आम्ही वेळेत पोहोचलो. शेठच्या वकिलाने तिला विचारलं, त्या वेळी शेठ खात्यात होते का? 

"माले माहीत नही," शेवंताबाई म्हणाली. "मी देखं तेवढंच सांगसू. भगवान रोज मन्हा समोरना लूमवर राहे. त्याना हात मीच मन्हा पदरमा बांधा."

वकिलाने नाना तऱ्हेने उलटसुलट विचारलं. ती त्याच्या पलीकडे एक शब्द गेली नाही, आणि त्याच्या अलीकडेही आली नाही. बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांच्या नखांत अजून काळं तेल होतं.

निकाल लवकर लागला नाही. दरम्यान बाईंच्या शाळेतले मराठीचे वर्ग मुलांअभावी बंद झाले. बाई निवृत्त होऊन बहिणीकडे अमरावतीला गेल्या. जाताना गाडी एका गॅरेजवाल्याला दिली आणि तिच्या सगळ्या खोडी त्याला तासभर समजावून सांगितल्या. त्याचं लक्ष नव्हतं, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

भगवानच्या बाजूने निकाल लागला त्या संध्याकाळी मी नवागामच्या एसटीडी बूथमध्ये शिरले. मागोमाग अर्धी गल्ली आली. फोन बाईंनीच उचलला. मी म्हटलं, बाई, जिंकलो.

"कोणी सांगितलं?"

"निकालाची प्रत हातात आहे."

"वाच."

मी वाचलं. मीटर पळत होतं, बूथवाला खुणा करत होता, पण बाईंनी मध्ये तोडलं नाही. भगवान त्या कारखान्यात कामगार होता, हे वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.  

"पोरी," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. "आता दे घोषणा."

त्या काचेच्या खोक्यात उभं राहून, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून मी घोषणा दिली. बाहेरच्या गल्लीने उत्तर दिलं. आणि रिसीव्हरमधून, फळ्यापुढे आयुष्य काढलेल्या त्या पातळ, घोगऱ्या आवाजात, अमरावतीहून, थोडंसं उशिरा, "झिंदाबाद."

त्यानंतर बाईंचा आवाज मी ऐकला नाही. पावसाळ्यात त्यांच्या बहिणीचं कार्ड आलं, बाई गेल्या. भगवानने ते डाव्या हातात धरून माझ्याकडून वाचून घेतलं, आणि मी थांबल्यावर विचारलं, "कशा गेल्या, ते नाही लिहिलं?"