भरडा आणि पीठ

भिकन भाकरी चुरून खायचा. गिरणीत दळण चिमटीत घेऊन पाहिल्याशिवाय तिथून हलायचा नाही. सकाळी गोठ्यात शिरला की आधी काडीने शेण उकरायचा. म्हशीला ‘अक्का’ म्हणायचा. कुणाला नाही म्हणायचं असलं की घसा खाकरायचा आणि बहुतेक वेळा तेवढंच करून गप्प बसायचा.

सोनगीरजवळच्या खेड्यातला, धुळ्यात जीवरसायनशास्त्र शिकलेला हा पोरगा. वर्गातले बाकीचे वापीला कंपन्यांत लागले. वडील गेलेले, घरी आई सुंदरबाई एकटी, म्हणून हा गावात राहिला, तोही एका म्हशीच्या भरवशावर.

शेणात मक्याचे दाणे अख्खेच पडायचे. त्याने आईला समजावलं. पोटातले जंतू विकरं म्हणजे एन्झाइम सोडतात, त्यांनी दाणा पचतो. पण विकराचं काम चालतं ते दाण्याच्या उघड्या भागावर. सालीआड त्याला शिरता येत नाही. दाणा भरडला की उघडा भाग वाढतो, काम झपाट्याने होतं. आईच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग त्याने दोन पेल्यांत पाणी घेतलं. एकात गुळाचा खडा टाकला, दुसऱ्यात तेवढाच गूळ किसून. किसलेला पाहता पाहता विरघळला.

“म्हंजे जितलं बारीक तितलं चांगलं,” आई म्हणाली.

“हां,” भिकन म्हणाला.

भरड्याने दूध वाढलं. गल्लीत सुंदरबाईची मान ताठ झाली. ‘जितलं बारीक तितलं चांगलं,’ ती सगळ्यांना सांगायची.

पुढे तो मित्राच्या लग्नाला जळगावला गेला. पोरगा परतेल तेव्हा दूध आणखी वाढलेलं दिसावं, म्हणून आईने मका गिरणीत नेला, अगदी बारीक दळून आणला, कालवला आणि घमेलंभर म्हशीपुढे ठेवला. म्हशीने घमेलं चाटून पुसून काढलं.

भिकन आला तेव्हा म्हैस आडवी झाली होती. रवंथ बंद. पोट तट्ट. शेणाला आंबूस वास. जनावरांच्या डॉक्टरने त्याला बाजूला घेतलं. “पीठ घातलंय कुणीतरी. भरडा बेताने पचतो. पीठ एका दमात आंबतं, पोटात आम्ल होतं. आता सोडा देऊनही उपयोग नाही.”

हे त्याला शिकवलेलंच होतं. त्याने आईला त्यातलं अर्धंच सांगितलं होतं.

संध्याकाळी म्हैस गेली.

“काय व्हयनं रे भाऊ तिले?” आईने विचारलं.

भिकनने घसा खाकरला. “पान लागनं,” तो म्हणाला. साप चावला तर त्याचं नाव घेऊ नये म्हणून गावात तसंच म्हणतात.

आई पोटभर रडली. गोठ्यामागचं गवत उपटून काढलं. हळूहळू ती मोकळी झाली.

भिकन मोकळा झाला नाही. दूध केंद्रावर लोकांचं दूध मापायच्या कामाला उभा राहू लागला. एका सकाळी आई त्याचा डबा घेऊन तिथे आली. केस विंचरून, तेल लावून, म्हैस गेल्यापासून पहिल्यांदाच. शेजारच्या ताईबाईने तिला गाठलं.

“सुंदरबाई, ते पीठनं सांग ना वं. मन्ही म्हैस दूध चोरस.”

“एक घमेलं दे. बारीक दळजो.”

“काकू, पीठ नको देऊ,” भिकन म्हणाला.

“कसाले रे? तुन्ही माय देस ते चालस, मी दिधं ते तुन्हं पोट दुखस का?”

बाया हसल्या. आईने त्याची बाजू घेतली. “त्याले म्हैसनं दुख शे वं अजून. पान लागनं तिले. त्यात पीठनं काय?”

सगळ्या भिकनकडे पाहत होत्या. आईही. एका वाक्याचं काम होतं. त्याने घसा खाकरला आणि मापात मान घातली.

दुपारी केंद्र रिकामं झालं. दुधाचा दर लिहायच्या फळ्यावर त्याने खडूने लिहायला घेतलं. ठळक, सगळ्यांना दिसेल असं. तेवढ्यात आई रिकामा डबा न्यायला आली.

“काय लिखी ऱ्हायना रे भाऊ?”

तिला अक्षर लावून वाचता यायचं. बोट फिरवत तिने वाचलं. तिचा चेहरा उजळला. “मन्हंच लिखी ऱ्हायना व्हय तू?”

भिकनने खडू खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने तो वापीला निघून गेला.

फळ्यावर त्याच्या हातचं एवढंच आहे : जनावरांना मक्याचं बारीक पीठ